भरलेल्या गाडीचा हिशेब

वजन करून घेतल्याशिवाय खोली न दाखवणारा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो मराठी होता. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात मला नोकरी लागली होती. पुण्याहून येऊन थोडेच दिवस झाले होते आणि वोनुंग, म्हणजे राहायला घर, शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले होते. ऑफिसातल्या एका जर्मन बाईने पत्ता दिला. तुमच्याकडचंच एक वयस्क जोडपं आहे, वरचा मजला भाड्याने देतात, माणसं चांगली आहेत, फक्त ते गृहस्थ जरा, असं म्हणून तिने स्वतःच्या कपाळावर बोटाने टकटक केलं.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्याने. डोक्याला लोकरीची टोपी, अंगात वर्कशॉपचा निळा कोट, कानामागे पेन्सिल. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी चपलांच्या कपाटाशेजारचा काट्याचा जुना वजनकाटा पायानेच पुढे सरकवला. "बूट राहू देत. बॅगही ठेवू नकोस खाली. आलीस तशी उभी राहा." आतून कुणीतरी म्हणालं, "अहो, पोरीला आत तर येऊ द्या." पोरगी तोवर काट्यावर चढली होती. का चढले, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या सांगण्यात असं काही होतं की नाही म्हणायचं सुचत नसे.

त्यांनी वाकून काटा वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "गेनाऊ. बरोब्बर माझ्याएवढी."

सत्तरीच्या, पावणेसहा फुटी माणसाएवढं आपलं वजन आहे, हे घराच्या उंबऱ्यावर ऐकलं की ऐन तारुण्यातल्या मुलीचं जे होतं तेच माझं झालं. मी परत फिरणार होते. पण स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास आला आणि पाठोपाठ काकू आल्या. एका हाताने भिंत धरत, थोड्या लंगडत. त्यांनी माझ्या हाताला धरून मला आत नेलं. वजनाचं मनावर घेऊ नकोस, त्यांनी पोस्टमनलाही सोडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. त्या घरात मी पुढे बरीच वर्षं राहिले.

काका मूळचे कोल्हापूरचे. एस.टी.च्या डेपोत उमेदवारी, मग डिप्लोमा, मग कुणाच्या तरी ओळखीने जर्मनी. इथे ते निवृत्त होईपर्यंत ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यात होते आणि त्यांनी जन्मभर एकच काम केलं. ट्रकखाली कोणत्या स्प्रिंगा बसवायच्या, ते ठरवायचं. ट्रकवाल्यांची एक रीत असते, ती त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितली. स्प्रिंग नेहमी भरलेल्या गाडीच्या हिशेबाने निवडायची. रिकामा ट्रक रस्त्यावर उडतो, ड्रायव्हरच्या बरगड्या मोजतो, पण त्याचं कुणाला काही नाही. ट्रक रिकामा फिरण्यासाठी जन्मलेला नसतो, असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढायचा.

एवढी वर्षं एकच गोष्ट बघितल्यावर माणसाला जगात दुसरं काही दिसेनासं होतं. काका कुणाच्याही घरी गेले की सोफ्यावर बसण्याआधी तो तळहाताने दाबून बघत. पावाच्या दुकानात पाव दाबत, आणि दुकानदारीण त्यांना ओळखून असल्यामुळे काउंटरच्या पलीकडे सरकवून ठेवी. माणसांनाही त्यांनी तीच मापं लावली होती. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे एक पदाधिकारी होते, अतिशय गोड बोलणारे. त्यांच्याबद्दल काका म्हणाले, की हा मनुष्य पहिल्या इंचात छान दबतो, पण पुढे हलत नाही. मंडळाच्या वर्गणीच्या वेळी ते अक्षरशः खरं निघालं. माझ्याबद्दल त्यांचं काय मत आहे, असं मी एकदा विचारलं. "तू आवाज फार करतेस," ते म्हणाले, "पण तुटायची नाहीस."

गणपतीच्या कार्यक्रमाला लोक आरतीसाठी हॉलमध्ये जमले की काका बाहेर पार्किंगमध्ये. येणाऱ्या गाड्यांचं मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये किती जागा उरली आहे, ते वाकून बघत बसत. त्यात बोटं घालून मोजायची त्यांची सवय होती. चार बोटं, तीन बोटं. एखादी गाडी मागून खाली बसलेली दिसली की त्यांचा चेहरा उजळे. "बघ, यांच्याकडे पाहुणे आलेत," मला सांगत. "फ्रँकफर्टच्या विमानतळावरून थेट आणलेत. बॅगांत लोणचं आहे." आणि गाडीतून खरोखरच कुणाचे तरी आईवडील, स्वेटरवर स्वेटर घातलेले, हळूहळू उतरत. गाडी त्यांच्या उतरण्याबरोबर वर यायची. ते वर येणं काका मात्र बघत नसत. तेवढ्यात पुढच्या गाडीकडे वळत.

आता त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. ती गाडी म्हणजे मागच्या गराजमध्ये पडलेला सुट्या भागांचा ढीग होता. खडबडीत रस्त्यावर चालणारी, जीपच्या घराण्यातली, पण घरी जोडायची. चासी आणि बॉडीचे पत्रे खोक्यांमधून आले होते, इंजिन आणि ॲक्सल एका जुन्या भंगारातल्या गाडीचे. निवृत्तीनंतर त्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून जोडत होते. घाई मुळीच नव्हती. दुपारच्या रुहेझाइटमध्ये, म्हणजे सक्तीच्या शांततेच्या वेळेत, आणि रविवारी ठोकाठोक करायची सोय नाही, समोरच्या बाई लगेच खिडकीत येत. म्हणून रविवारी काका मुकं काम करत. मोजणं, पुसणं, आणि बहुतेक वेळ बॉडी नसलेल्या चासीवर खुर्ची ठेवून तिच्यावर बसणं. मी वरच्या खिडकीतून ते बघितलं की मला हसू यायचं. काकू म्हणायच्या, हसू नकोस, त्यांची सहल चालली आहे.

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं. पण काकूंचा खुबा अगदीच गेला.

ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला, रेहामध्ये, म्हणजे ऑपरेशननंतरच्या व्यायाम-केंद्रात, काही आठवडे काढून काकू घरी आल्या त्या दोन कुबड्या आणि एक ताकीद घेऊन. खाली वाकून बसायचं नाही. गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. बसायची जागा उंच हवी, पण फार उंचही नको, मागे सरकून टेकता आलं पाहिजे. आता गंमत अशी, की काकांची रोजची गाडी होती जुनी, ठेंगणी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. रेहाहून येताना टॅक्सी करावी लागली होती आणि त्या टॅक्सीत काकांनी आणि टॅक्सीवाल्याने मिळून काकूंना चढवलं होतं. काकूंच्या मनाला ते फार लागलं. त्या रात्री जेवताना त्या शांतपणे म्हणाल्या, की यापुढे मी कुणाच्या हाताने गाडीत बसणार नाही. बसेन तर स्वतः बसेन, नाहीतर घरात राहीन.

घरात राहीन हे त्यांनी म्हटलं खरं, पण त्यांना कुठे जायचं आहे ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. दर ऑक्टोबरात त्या डोंगराच्या कडेला चेस्टनट वेचायला जायच्या. तिथल्या एका ओळखीच्या द्राक्षबागवाल्याची खासगी वाट होती, बागेच्या वर थेट झाडांपर्यंत जाणारी, दगडाधोंड्यांची. चढ थोडासाच, पण त्यांना आता तोही चढवत नव्हता. चेस्टनट उकडून, किसून त्या उपासाचं थालीपीठ करत. ते उपासाला चालतात हा निर्णय त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता, शिंगाड्याच्या नात्याने. त्या वर्षी ऑक्टोबर आला आणि गेला. काकू खिडकीत बसून होत्या. कुरकुर नाही, काही नाही. काका मात्र त्या महिन्यात बोलायचेच बंद झाले.

आणि मग एका सकाळी ते टेप घेऊन कामाला लागले.

त्यांनी आधी घरातल्या सगळ्या बसायच्या जागा मोजल्या. पलंग, जेवणाची खुर्ची, न्हाणीघरातलं स्टूल. मग काकूंना फिरायला नेलं आणि गावातली बाकं. काकू ज्या बाकावरून उठताना "आई गं" म्हणत नाहीत ते बाक त्यांना हवं होतं. चर्चसमोरचं नापास झालं. डॉक्टरांच्या वेटिंगमधलं नापास झालं. शेवटी आमच्या ष्ट्रासेनबानच्या थांब्यावरचं बाक पास झालं. काकू पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, पाय वळवले, पुन्हा उठल्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही. काका तिथेच गुडघ्यावर बसून बाक मोजायला लागले. ट्राम थांबली, दारं उघडली, ड्रायव्हर बघत राहिला. काकूंनी हात हलवून ट्रामला जा म्हणून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस काकू रोज कुबड्या घेऊन तिथे जात आणि नुसत्या बसण्याउठण्याचा सराव करत. सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागले. कुणी दार उघडलं की त्या मान हलवायच्या आणि पुन्हा बसायच्या.

अशा रीतीने गाडीच्या सीटची उंची ठरली. थांब्यावरच्या बाकाएवढी. गराजमधला ढीग हिवाळाभरात गाडी झाला. काकांनी हौस म्हणून जे वर्षानुवर्षं चघळलं होतं ते आता जिद्दीने संपवलं. बोटं सुजली, खोकला झाला, समोरच्या बाईंशी दोनदा वाजलं. राहता राहिल्या स्प्रिंगा. भंगारातल्या गाडीच्या जुन्या स्प्रिंगा घालून चालणार नव्हतं. ती गाडी जड होती, ही हलकी. त्या स्प्रिंगांवर ही गाडी बगळ्यासारखी उभी राहिली असती. मी केमिस्ट, मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तेव्हा काकांनी मला गादीचं उदाहरण देऊन समजावलं. गादी कडक असली की माणूस वर राहतो, मऊ असली की आत जातो. किती आत जायचं ते ठरवायचं असेल, तर आधी गादीवर कोण झोपणार ते माहीत पाहिजे.

आणि इथे वजनकाट्याचं रहस्य उलगडलं. काका कित्येक वर्षं प्रत्येकाचं वजन करत होते ते याच दिवसासाठी. "वजन विचारायचं नसतं," ते म्हणाले. "माणूस वजन सांगतो ते कोट काढून, आणि गाडीत बसतो कोट घालून." जेवणाच्या टेबलावर त्यांनी हिशेब मांडला. ते स्वतः, काकू, मुलगी, जावई, नातू. मुलगी फ्रँकफर्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत, जावई जर्मन, नातू पाचेक वर्षांचा. नातवाचं वजन त्यांनी पुढची तीन वर्षं वाढेल तेवढं धरलं. त्याची लहान मुलांची सीट धरली. मग काकूंचे डबे, कुकर, चटई, पाण्याच्या बाटल्या, वेचलेल्या चेस्टनटची पोती. सगळं खरोखर काट्यावर ठेवून. मी कुकर धरून उभी होते. काकू फक्त, कुकरचं झाकण राहिलंय, म्हणाल्या, आणि ते आणून दिलं.

स्प्रिंगा आल्या. काळ्याभोर, मनगटाएवढ्या जाड. बसवल्या. गाडी तपासायला प्रुफरकडे नेली, इथे घरी जोडलेल्या गाडीचा स्क्रू न् स्क्रू ते बघतात, आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली. काका रस्त्याने हॉर्न वाजवत आले, जे जर्मनीत कुणी करत नाही. गाडी दारात उभी केली. काकू नीट साडी नेसून बाहेर आल्या. एव्हाना त्यांच्या कुबड्या सुटल्या होत्या, हातात एकच काठी होती. त्या दाराशी पाठमोऱ्या झाल्या, अगदी सराव केला होता तशा, आणि मागे टेकायला गेल्या.

सीट चार बोटं वर होती. काकू टेकल्या त्या हवेतच. त्यांनी काठीवर भार देऊन टाच उंचावली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा एकदा केला. कपाळावर घाम आला. काका पुढे झाले तशी त्यांनी काठी आडवी धरली. मग काका आत धावले आणि देवघरातला पाट घेऊन आले. काकूंनी पाटाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि काठी टेकत घरात गेल्या.

काकांना त्या दिवशी काय चुकलं ते कळलं नसेल, हे संभवतच नाही. स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या होत्या, गाडी रिकामी होती. हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. पण त्यांनी ते कबूल केलं नाही. मंडळातल्या एका इंजिनिअरने सुचवलं, की स्प्रिंगेचा एक वेढा कापून टाका, काम झालं. काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. कापलेली स्प्रिंग प्रुफर पास करत नाही हे तर होतंच, पण कुणीतरी मांजराचा पाय कापून टाका म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्या शनिवारी मी बाजारातून येत होते. गाडी दारात उभी होती आणि चक्क खाली बसलेली होती. मला वाटलं जमलं. काकू गाडीपाशी उभ्या राहून तिच्या खिडकीतून आत बघत होत्या. मीही बघितलं. मागच्या सीटवर वाळूची तीन पोती होती. एक मोठं, एक मध्यम, एक लहान. सरकू नयेत म्हणून तिघांनाही पट्टे लावलेले. लहान पोतं नातवाच्या सीटमध्ये होतं.

मला एकदम रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. काका पलीकडे उभे राहून हाताला लागलेली वाळू झटकत होते. "आता बस," ते काकूंना म्हणाले. "आता बरोब्बर बाकाएवढी आहे. मी मोजली."

काकूंनी त्या पोत्यांवरून नजर काढली नाही. "अहो," त्या म्हणाल्या, "मी पोत्यांबरोबर फिरायला जाणार नाही."

"ती आली की पोती काढायची. पोरगी येईल तेव्हा..."

"येईल तेव्हा येईल. ती येत नाही असं का आहे? येते, स्वतःच्या गाडीने येते, कॉफी घेते, जाते. तिचं घर आहे, तिच्या वेळा आहेत. मी तिला बोल लावत नाही. तुम्हीही लावू नका." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण या गाडीत रोज बसणार कोण, ते एकदा मोजा. दोघं आहोत आपण. दोघांचीच धरा."

काकांनी पट्टे सोडले, एकेक पोतं उचलून गराजमध्ये नेलं. लहान पोतं शेवटी. मी मदतीला गेले तर नको म्हणाले. गाडी पुन्हा वर आली.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. आणि मग रविवारी सकाळी, मुक्या कामाच्या दिवशी, काकांनी मला खाली हाक मारली. त्यांच्या जुन्या कारखान्यातून त्यांनी चार चपटे काटे मागून आणले होते, चार चाकांखाली ठेवायचे. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि मला म्हणाले, "केमिस्ट बाई, हिच्या जागी बस. तू हिच्यापेक्षा जड आहेस, तो फरक मी कागदावर वजा करतो." मी बसले. मागची सीट रिकामी होती. ते एकदाही मागे वळले नाहीत. उतरून प्रत्येक काटा वाचण्याऐवजी त्यांनी समोरच्या बाईंनाच बोलावलं होतं, आणि त्या बाई, ज्यांनी इतकी वर्षं नुसती तक्रार केली, रविवारच्या चांगल्या कपड्यांत चारी चाकांभोवती फिरून कुजबुजत आकडे सांगत होत्या. जर्मनीत रविवारी एवढं सहकार्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सोमवारी काकांनी स्प्रिंगवाल्याला फोन लावला. मी जिना उतरत होते. त्यांचं जर्मन कोल्हापुरी ठसक्याचं आणि पक्कं होतं. लांबी सांगितली, तारेची जाडी सांगितली, मागच्यापेक्षा मऊ हवी असं सांगितलं. पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं, कारण काका थांबले. आल्झो, म्हणजे तर, म्हणाले, आणि पुन्हा थांबले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "त्स्वाय पेर्झोनेन." दोन माणसं. पलीकडच्याने पुन्हा विचारलं असणार, फक्त दोनच ना? "याऽ, हो," काका म्हणाले. "नूर त्स्वाय." फोन ठेवून त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.

मऊ स्प्रिंगा बसल्या. कडक स्प्रिंगा ग्रीस लावून, जुन्या धोतरात गुंडाळून केलरमध्ये, तळघरात, गेल्या. गाडी पुन्हा तपासायला न्यावी लागली, पुन्हा टर्मिन, म्हणजे आगाऊ वेळ घेणं, पुन्हा रांग. मागच्याच प्रुफरने विचारलं, की चांगली उंच गाडी होती, जंगलात चालणाऱ्या गाड्या लोक उंच करून आणतात, तुम्ही खाली का आणली? काका म्हणाले, "माइने फ्राउ." माझी बायको. तो प्रुफर स्वतः साठीला आलेला होता. त्याने एवढंच बजावलं, की गाडी पूर्ण भरलीत तर धक्क्यावर रबरी ठोकळ्यांना टेकेल, सावकाश चालवा. काका म्हणाले, भरणार नाही.

काकू बसल्या. एवढंच सांगायचं. पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, एकेक पाय आत वळवला, पदर सारखा केला आणि दार स्वतःच ओढून घेतलं. मी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला. काका पलीकडून बसले तशी गाडी बोटभर खाली गेली आणि सरळ झाली, एकाही बाजूला न झुकता. मडगार्डखाली बरोबर चार बोटं. त्या ऑक्टोबरात ती दोघं द्राक्षबागेच्या वाटेने वर गेली. येताना चेस्टनटची पिशवी काकूंच्या पायाशी होती, आणि थालीपीठ मलाही मिळालं.

तो व्हिडिओ काकूंनी मुलीला पाठवला. मुलीने तो मुलाला दाखवला, आणि तिथेच सगळं बिघडलं, किंवा जमलं, कसंही म्हणा. नातवाने हट्ट धरला. ओपाच्या, म्हणजे आजोबांच्या, जीपमध्येच बसायचं. आपल्या गाडीने जायचं नाही, रेल्वेने जायचं, म्हणजे ओपाला घ्यायला यावं लागेल. त्यापुढे कुणाच्या टर्मिनचं काही चाललं नाही. नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिघं बॅगा घेऊन निघाली, दोन दिवस राहायला. काका आणि काकू स्टेशनवर गेले. नातवाची सीट मागे बसवली होती.

मी फाटकापाशी बर्फ ओढत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंचवटा आहे, गाड्या हळू कराव्यात म्हणून केलेला. तिथे धाडकन आवाज आला. गाडी ठोकळ्यांवर आदळली होती. स्प्रिंग आदळल्याचा आवाज ऐकला की काका दुसऱ्याच्या गाडीसाठीही डोळे मिटून घ्यायचे. मी फावडं टाकून धावले. गाडी दारात येऊन थांबली ती मागून पार खाली बसलेली. आत पाच माणसं, मांडीवर बॅगा, काचांवर वाफ.

"काका, आपटली," मी म्हणाले.

"ऐकलं ना तू?" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "येताना तीन ठिकाणी आपटली."

मी म्हणाले, दोन दिवसांसाठी केलरमधल्या कडक स्प्रिंगा काढू या का, मी मदत करते. त्यांनी माझं ऐकलंच नाही. मुलगी दार उघडायला लागली होती. "थांबा," ते मागे वळून म्हणाले. "कुणी उतरू नका. मला मोजायचंय." मग स्वतः उतरले आणि उतरल्या उतरल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपण उतरलो तर हिशेब चुकला. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "केमिस्ट बाई, माझ्या जागी बस. कोट काढू नकोस."

मी स्टिअरिंगवर बसले. काट्यावर चढले होते तशीच, का ते न विचारता. शेजारी काकू होत्या, मागे मुलगी, जावई आणि नातू. काका मागच्या चाकापाशी जाऊन वाकले. बाहेरच्या आरशात मला फक्त त्यांची टोपी आणि मडगार्डखाली घातलेला हात दिसत होता.

"ओपा, वास माख्स्ट डू?" नातवाने विचारलं. काय करतोयस.

"मोजतायत रे," काकू म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, आई, एवढा वेळ कशाला लागतो, थंडी आहे बाहेर. मी आरशात बघितलं. मोजून केव्हाच झालं होतं. दोन बोटं, मला इथूनसुद्धा दिसत होती. पण हात तिथेच होता. जावयाने पट्टा सोडला तशी गाडी किंचित हलली.

काकूंनी मागे न वळता हात वर केला. "बसून राहा सगळे," त्या म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."